तवा तापेपर्यंत

जानेवारीत गाडीचं ॲव्हरेज घटतं की वाढतं? मिनिआपोलिसमध्ये राहणारा मराठी माणूस सांगेल, घटतं आणि चांगलंच घटतं. पुण्यात राहणारा त्याचा भाऊ सांगेल, आमच्याकडे उलट बरं मिळतं, एसी बंद असतो ना. दोघंही आपापल्या टाकीच्या हिशेबावरून बोलतात आणि दोघांचंही बरोबर आहे. थंडी आणि इंधन यांचं नातं समजून घ्यायचं, तर ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी कशी, हे आधी उलगडावं लागतं.

अमेरिकेचं ऊर्जा खातं आणि ईपीए ही तिथली पर्यावरण संस्था मिळून वाहनधारकांसाठी माहिती प्रसिद्ध करतात. त्यानुसार बाहेर २५ अंश सेल्सियस असताना साधी पेट्रोल गाडी शहरात जेवढं ॲव्हरेज देते, त्यापेक्षा उणे ७ अंशांना ते सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरतं. उणे ७ म्हणजे तिकडच्या हिशेबात फार मोठी थंडी नव्हे. मिनिआपोलिसचं जानेवारीचं सरासरी तापमानच उणे ९ च्या आसपास असतं. पण त्याच माहितीत पुढे आणखी एक आकडा आहे आणि माझ्या मते सगळं मर्म त्यातच आहे. फेरी पाच-सहा किलोमीटरांचीच असेल, तर हीच घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. तापमान तेच, गाडी तीच, बदललं फक्त अंतर. थंडीचा दंड दर किलोमीटरला सारखा बसत असता, तर जवळच्या आणि लांबच्या फेरीत टक्केवारी सारखीच राहिली असती. ती राहत नाही, कारण दंडाचा मोठा हिस्सा निघतानाच वसूल होतो, चावी फिरवल्यापासूनच्या पहिल्या काही किलोमीटरांत.

टक्केवारीबद्दल इथेच एक सावधगिरी सांगून ठेवतो. आपण लिटरला किती किलोमीटर हे मोजतो आणि या मापात तोटा असतो त्यापेक्षा लहान दिसतो. ॲव्हरेज २४ टक्क्यांनी पडलं, याचा अर्थ तेवढंच अंतर जायला जवळजवळ ३२ टक्के जास्त पेट्रोल लागलं. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात. खिशातून किती गेलं ते त्या मापात सरळ दिसतं.

घावन घालणाऱ्या माणसाला पहिल्या किलोमीटरांची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पीठ तेच, हात तोच, पण तवा तापलेला नसेल तर पहिलं घावन चिकटतं आणि तेलही जास्त मागतं. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत असे तापायचे तवे एक नाही, चार-पाच असतात.

सगळ्यात मोठा तवा तेलाचा. खोबरेल तेल थंडीत बाटलीतच थिजतं आणि डोक्याला लावण्याआधी ती बाटली गरम पाण्यात धरावी लागते, हे आपल्या घरोघरी होतं. इंजिन ऑइल असं थिजत नाही, पण दाट मात्र फार होतं. १०डब्ल्यू-३० जातीचं तेल १०० अंशांना जेवढं दाट असतं, त्याच्या सहा-सात पट दाट ते ४० अंशांना असतं आणि शून्याला तर पन्नास पटींच्या घरात जातं. डब्यावरचा तो डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं. १०डब्ल्यू तेलाची थंडीतली परीक्षा उणे २५ अंशांना घेतात, ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांना. इंजिनातला प्रत्येक पिस्टन, प्रत्येक बेअरिंग या तेलातून वाट काढत फिरतं. ते दाट असलं की निर्माण झालेल्या ताकदीचा बराच भाग चाकापर्यंत पोचायच्या आत तिथेच मुरतो. यासाठी उणे तापमानच हवं असंही नाही. विशीतल्या तापमानाला सुरू केलेल्या इंजिनातलं घर्षणसुद्धा पूर्ण तापलेल्या इंजिनाच्या दुप्पट-अडीचपट असू शकतं. ही गोष्ट पुण्या-नाशिकच्या वाचकानं लक्षात ठेवावी, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

इंजिन निदान स्वतःच्या जाळावर तापतं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना तो आधारही नाही. त्यांतलं तेल तापतं ते फक्त दातांच्या घासण्यानं, आणि म्हणून फार सावकाश. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला की गाडी तापली असं आपण धरतो, पण तो काटा कूलंटचं तापमान दाखवतो. इंजिनातलं तेल कूलंटच्या मागून तापतं आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागून.

दुसरा तवा पेट्रोलच्या बाजूचा. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, जळते ती त्याची वाफ. इनटेकच्या आणि सिलिंडरच्या थंडगार भिंतींवर फवारलेलं पेट्रोल वाफ न होता थेंबांनी चिकटून राहतं. पेट घेण्यापुरती वाफ तयार व्हावी म्हणून गरजेपेक्षा बरंच जास्त पेट्रोल सोडावं लागतं. कार्बुरेटरच्या काळात हे काम चोक करायचा. सकाळी चोक ओढायचा, हवेची वाट अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवायचं आणि गाडी सावरली की चोक आत ढकलायचा. तो ढकलायचा राहिला, की गाडी रस्ताभर पेट्रोल पीत जायची आणि प्लग काळा व्हायचा. किक मारण्याआधी स्कूटर एका अंगाला कलती करून धरणारे वडील ज्यांनी पाहिले असतील, त्यांनी हेच तत्त्व हातानं राबवलेलं पाहिलं आहे: कार्बुरेटरमध्ये थोडं जास्तीचं पेट्रोल उतरवायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, दुचाकींतही इंजेक्शन सर्रास झालं आणि चोकची दांडी दिसेनाशी झाली. चोकचं काम मात्र संपलेलं नाही. इंजिन किती थंड आहे हे पाहून आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ते गुपचूप करतो, आणि गाडी तापेल तसा हात आखडता घेतो.

ईसीयूकडे आणखी एक काम असतं, जे जुन्या गाड्यांत नव्हतं. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश तापल्याखेरीज काम करत नाही. तो लवकर तापावा म्हणून सुरुवातीला ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतात आणि इंजिन थोडं जास्त वेगानं फिरवतात, म्हणजे जळणाऱ्या वायूची उष्णता पिस्टनला रेटण्याऐवजी सायलेन्सरच्या वाटेनं कन्व्हर्टरकडे जाते. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिला मिनिटभर इंजिन मोठ्यानं घोंघावतं ते यामुळे. या पेट्रोलनं चाक एक इंचही पुढे जात नाही. तरीही तो खर्च मला वाया गेलेला वाटत नाही. धुराच्या चाचणीत बाहेर पडणाऱ्या अर्धवट जळलेल्या इंधनापैकी बहुतेक या पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच बाहेर पडतं आणि ते आपल्या शेजाऱ्यांच्याच फुप्फुसांत जातं.

हे सगळं ऐकून पुष्कळ जण एक चुकीचा निष्कर्ष काढतात: मग गाडी उभ्या उभ्याच तापवावी. कार्बुरेटरच्या गाडीला ते लागत असे, कारण थंड असताना ती चालता चालता बंद पडायची. इंजेक्शनच्या गाडीला अर्धा-एक मिनिट पुरतं, मग हळूवार चालवत निघावं. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ते सावकाश तापतं. गिअरबॉक्स, बेअरिंग आणि टायर तर तापतच नाहीत. तासाला लिटरभर पेट्रोल या दरानं दहा मिनिटं गाडी उभी ठेवली, तर सुमारे १६० मिलिलिटर गेलं. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात अडीच किलोमीटर गेली असती आणि जास्त चांगली तापलीही असती.

आता थंडीचे असे परिणाम, जे सबंध प्रवासभर साथ सोडत नाहीत. याविषयी जे लेख येतात त्यांत आठ-दहा कारणांची यादी असते आणि सगळी कारणं एकाच उंचीची दाखवलेली असतात. त्या याद्यांशी माझं भांडण आहे. उदाहरणार्थ टायरची हवा. ३२ भरलेला टायर २५ वरून उणे ७ अंशांना आला की साधारण पाच पीएसआय उतरतो. हे भौतिकशास्त्र अगदी पक्कं आहे. पण त्याच अमेरिकी माहितीनुसार दर एक पीएसआयला ॲव्हरेजमध्ये पडणारा फरक सरासरी ०.२ टक्के आहे, म्हणजे पाचाला एक टक्का. थंड रबर स्वतःही कडक होऊन चाक जड करतं, ते वेगळं. हवा तपासावी ती टायर टिकावा आणि ब्रेक नीट लागावा म्हणून. तिकडच्या हिवाळी पेट्रोलचंही तसंच. थंडीत पेट घ्यावं म्हणून त्यात ब्युटेनसारखे चटकन उडणारे घटक वाढवतात आणि लिटरमागची ऊर्जा दीड-दोन टक्क्यांनी घटते.

हवेची घनता हे कारण मात्र हमरस्त्यावर खरोखर वजनदार आहे. उणे ७ ची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा १२ टक्के दाट असते. ताशी शंभराच्या वेगाला गाडीची जवळजवळ निम्मी ताकद हवा कापण्यात जाते, तेव्हा पाच-सहा टक्क्यांचा बोजा इथेच पडतो, आणि इंजिन कितीही तापलं तरी तो उतरत नाही. थंडीत गाडी छान ओढते असं चालवणारे म्हणतात, तेही खोटं नाही. दाट हवेत प्राणवायू जास्त मावतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर ताकद जास्त मिळते. पण रोज पूर्ण दाबून कोण चालवतं? अर्धवट दाबलेल्या अवस्थेत पेट्रोल इंजिनाला तीच दाट हवा थ्रॉटलनं जास्त अडवावी लागते आणि त्या अडवण्यातही थोडी शक्ती जाते. ओढ वाढते, ॲव्हरेज नाही.

इथवर गोष्ट पेट्रोल गाडीची झाली. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळलं, की या प्रश्नाचं खरं रूप दिसतं. उणे ७ अंशांना साध्या गाडीची घट १५ टक्के, हायब्रिडची ३० ते ३४ टक्के आणि इलेक्ट्रिकची मिश्र रस्त्यावर सुमारे ३९ टक्के. गाडी जितकी काटकसरी, तितका थंडीचा फटका मोठा. हे उफराटं वाटतं, पण कारण साधं आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ मानानं तिसरा हिस्सा चाकाच्या दिशेनं जातो. उरलेले दोन हिस्से रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून उधळले जातात. हिवाळ्यात या उधळपट्टीतलीच थोडी उष्णता आत वळवली की हीटर होतो, एकदा इंजिन तापलं की जवळपास फुकट. इलेक्ट्रिक मोटर उधळतच नाही. त्यामुळे तिच्याकडे द्यायला उष्णताही नसते, आणि माणसांना ऊब द्यायची तर ती बॅटरीतूनच काढावी लागते.

हे मोजून पाहू. आतला हीटर चार किलोवॅट घेतो असं धरा. शहराच्या गर्दीत तासाला पंचवीस किलोमीटर जाणारी छोटी इलेक्ट्रिक गाडी त्या तासात चालण्यासाठी साधारण तेवढीच, चारेक युनिट वीज घेते. म्हणजे चालण्याइतकाच खर्च उबेवर, एकूण खर्च दुप्पट. तीच गाडी ताशी ८० नं गेली, तर तासभराच्या उबेचे चार युनिट ८० किलोमीटरांवर वाटले जातात आणि बोजा तीसेक टक्क्यांवर येतो. एएए या अमेरिकी वाहनधारक संघटनेनं २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या तपासल्या. उणे ७ अंशांना हीटर लावून त्यांचा पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला, हीटर न लावता फक्त १२ टक्क्यांनी. थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, ब्रेक लावताना परत मिळणारी वीज ती पुरती घेऊ शकत नाही आणि शून्याखाली जोरात चार्ज केल्यास तिला इजा होते, हे सगळं त्या १२ मध्ये आलं. बाकी सगळा हिशेब उबेचा. म्हणून आता गाड्यांत हीट पंप येऊ लागले आहेत. ते बाहेरच्या हवेतून उष्णता उपसतात आणि एका युनिटात दोन-तीन युनिटांची ऊब देतात. गाडी चार्जरला लावलेली असतानाच आतली जागा आणि बॅटरी तापवून घ्यायची, हा दुसरा उपाय. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत तापमान उणे १८ च्या खाली गेलं, तेव्हा चार्जिंग स्टेशनांवर इलेक्ट्रिक गाड्यांच्या रांगा लागल्या आणि कित्येक तिथेच बंद पडल्या. त्या बातम्यांवरून थंडीत इलेक्ट्रिक गाडी चालतच नाही असं अनेकांनी ठरवून टाकलं. पण त्याच वर्षी नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, आणि नॉर्वे काही उष्ण देश नाही. तिथे घरी चार्जर आहेत आणि निघण्याआधी गाडी तापवायची सवय आहे.

हायब्रिडचं दुखणं दोन्हीकडचं. बॅटरी थंड म्हणून मदत कमी, आणि एरवी सिग्नलला बंद होणारं इंजिन कन्व्हर्टर व हीटर गरम ठेवण्यासाठी चालूच राहतं. टोयोटानं दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये अमेरिकेसाठी यावर एक देखणा उपाय केला होता. गाडीत चक्क एक थर्मास बसवला होता. गाडी बंद केली की सुमारे तीन लिटर गरम कूलंट त्यात साठायचं, तीन दिवसांपर्यंत गरम राहायचं आणि पुढच्या वेळी सेल मारायच्या आत इंजिनात फिरायचं. कालच्या उधळलेल्या उष्णतेतली थोडी आजसाठी राखून ठेवायची ही कल्पना मला या साऱ्या विषयातली सर्वांत शहाणी वाटते. कॅनडात आणि फिनलंडमध्ये याच कामासाठी ब्लॉक हीटर वापरतात. पार्किंगमध्ये विजेचे प्लग असतात आणि निघण्याआधी दोन तास इंजिन तापत ठेवतात. एवढं मात्र म्हटलं पाहिजे की टक्केवारी मोठी असली, तरी काटकसरी गाडी काटकसरीच राहते. लिटरला वीस देणारी हायब्रिड एक-तृतीयांश घटली तरी तेराच्या वर असते. बारा देणारी साधी गाडी तेव्हा दहावर आलेली असते.

आपल्या देशात खरी थंडी सोसतात त्या लडाखच्या गाड्या. तिथला मूळ प्रश्न ॲव्हरेजच्याही आधीचा आहे, गाडी सुरू होण्याचा. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात आणि थंडीत ते तुपासारखे थिजून फिल्टर तुंबवतात. भारतीय मानकानुसार नेहमीचं हिवाळी डिझेल ३ अंशांपर्यंत वाहतं राहिलं तरी पुरतं, आणि लेहचा पारा उणे २० च्याही खाली जातो. त्यामुळे तिथले चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं, पानिपतच्या रिफायनरीत बनवलेलं. तिथे एक गंमतशीर भरपाईही होते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. थंडीनं हवा जेवढी दाट व्हावी, त्याहून जास्त ती उंचीनं विरळ होते.

आणि आता पुण्याचा भाऊ. त्याचं ॲव्हरेज थंडीत वाढतं, कारण त्याच्याकडे दंड वसूल करणारी थंडीच नाही आणि उन्हाळ्यात एसी मात्र आहे. त्याच अमेरिकी माहितीनुसार कडक उन्हात एसीमुळे, विशेषतः जवळच्या फेऱ्यांत, ॲव्हरेज २५ टक्क्यांहूनही जास्त घटू शकतं. पहाटेच्या दहा-बारा अंशांचा तोटा त्यापुढे लहान. पुण्याची एआरएआय ही संस्था जो आकडा काढते आणि जाहिरातीत जो झळकतो, तोही २० ते ३० अंशांच्या खोलीत, एसी बंद ठेवून, रोलरवर सुमारे ११ किलोमीटर चालवून काढलेला असतो. त्यात कडाक्याची थंडी नाही आणि मे महिनाही नाही.

अलीकडे ॲव्हरेज पडलं की सगळा दोष ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलला देतात. त्याचा वाटा नक्कीच आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं की जुन्या, ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींत घट ६-७ टक्के असू शकते आणि ई२० साठी जुळवलेल्यांत १-२ टक्के. इथेनॉल थंडीत पेट्रोलपेक्षा कमी उडतं हेही खरं. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांत सकाळी सुरू होण्यासाठी पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी असायची. पण ज्याची गाडी दिवसातून चार वेळा दोन-दोन किलोमीटर जाते, शाळेत, बँकेत, भाजीला, क्लासला, त्यानं आधी त्या चार सुरुवातींकडे बघावं. विशीतल्या तापमानालाही घर्षण दुपटीवर असतं, हे वर आलंच आहे. गाडी प्रत्येक वेळी थंड होऊन निघाली, तर अनेक छोट्या फेऱ्यांना तेवढ्याच अंतराच्या एका सलग फेरीच्या दुप्पट इंधन लागू शकतं.

हे दुसऱ्याच्या शब्दावर मानायची गरज नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत सरासरी दाखवणारा ट्रिप मीटर असतो. सकाळी एसी बंद ठेवून, निघताना तो शून्य करा आणि पहिल्या, पाचव्या व पंधराव्या किलोमीटरला काय दिसतं ते लिहून ठेवा. मग दुपारी गाडी तापलेली असताना त्याच रस्त्यानं तसंच पुन्हा करा. पहिल्या किलोमीटरच्या दोन आकड्यांतला फरक आणि पंधराव्या किलोमीटरच्या दोन आकड्यांतला फरक शेजारी शेजारी मांडा.